शंकर बाळकृष्ण दीक्षित : आकाश वाचणारे मास्तर

कोकणात दापोलीजवळच्या मुरूड गावी १८५३ साली दीक्षितांचा जन्म झाला. विद्यापीठाची पदवी नव्हती. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. नोकरी सांभाळून गणित आणि आकाशाचा अभ्यास केला, तोही स्वतःच! सामान्य वाचकांसाठी त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिले आणि १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ, तोही मराठीतच.

कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख शतपथ ब्राह्मणात त्यांना दिसला. पण आज तर त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. असे का? भोवरा फिरता फिरता डुलतो ना, तसा पृथ्वीचा आसही डुलतो. एका फेऱ्याला सुमारे २६,००० वर्षे लागतात, म्हणून ताऱ्यांच्या उगवायच्या जागा सरकतात. त्यावरून दीक्षितांनी तो काळ इ.स.पूर्व ३००० च्या सुमाराचा ठरवला. विद्वानांत त्यावर वाद आहे, पण हिशेबाची रीत शाळकरी मुलांनाही कळेल अशी आहे.

१८९८ मध्ये, वयाच्या अवघ्या ४४व्या वर्षी ते गेले.

यंदा दिवाळीत रात्री आठच्या सुमारास मुलांना घेऊन सिलिकॉन ओएसिसमधल्या आपल्या गच्चीवर जा. मोबाइलमधल्या होकायंत्रावर पूर्व धरा आणि थोडे डावीकडे पाहा. कृत्तिकांचा छोटासा झुबका दिसेल. दिव्यांच्या झगमगाटात नाहीच दिसला, तर गाडी काढा आणि वाळवंट गाठा!