वर्गात मागे राहिलेला संत

दरवर्षी ४ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत जॉन मेरी व्हियान्नी यांचा सण साजरा करते. धर्मग्रामांत सेवा करणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु याच संताला अभ्यासात कच्चा ठरवून गुरुविद्यालयातून घरी पाठवण्यात आले होते, ही गोष्ट पालकांनी आणि शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जॉन मेरी यांचा जन्म ८ मे १७८६ रोजी फ्रान्समधील लिओं शहराजवळील दार्दिली गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. राज्यक्रांतीच्या त्या काळात मिस्साबलिदान लपूनछपून होत असे. मेंढरे राखणे आणि शेतात राबणे यांतच त्यांचे बालपण गेले. शालेय शिक्षण नाममात्रच झाले. धर्मगुरू होण्याची ओढ मात्र अनावर होती. विसाव्या वर्षी ते एकुली येथील फादर शार्ल बाले यांच्याकडे शिकू लागले.

लॅटिन भाषा त्यांच्यापुढे भिंतीसारखी उभी राहिली. घोकलेले व्याकरण स्मरणात टिकेना. मथायस लोरास नावाचा वयाने लहान सहाध्यायी त्यांना मदत करीत असे. एकदा संयम सुटून त्याने जॉन मेरींच्या थोबाडीत मारली. जॉन मेरींनी गुडघे टेकून उलट त्याचीच क्षमा मागितली. हाच लोरास पुढे अमेरिकेतील डुबुक धर्मप्रांताचा पहिला बिशप झाला.

१८१३ साली जॉन मेरी लिओंच्या गुरुविद्यालयात दाखल झाले. तेथील शिकवणे लॅटिनमधून असल्याने त्यांना ते कळेना आणि काही महिन्यांतच त्यांना परत पाठवण्यात आले. फादर बाले यांनी मात्र आशा सोडली नाही. त्यांनी तेच ईशज्ञान फ्रेंचमधून शिकवले. परीक्षकांपुढे लॅटिन प्रश्नांनी गोंधळून जाणारा हा तरुण पुढे एकुलीच्या धर्मगुरुनिवासात झालेल्या परीक्षेत समाधानकारक उत्तरे देऊ शकला. १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रेनोबल येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. सुरुवातीचे काही महिने पापनिवेदन ऐकण्याची परवानगी त्यांना नव्हती. ती मिळाल्यावर त्यांच्यापुढे प्रथम गुडघे टेकले ते फादर बाले यांनीच.

१८१८ साली त्यांची नेमणूक सुमारे २३० वस्तीच्या आर्स या खेड्यात झाली. प्रवचन पाठ करताना त्यांना अपार कष्ट पडत. कधी कधी मध्येच विस्मरण होऊन ते व्यासपीठावरून खाली उतरत. शेजारच्या काही धर्मगुरूंनी त्यांच्या अज्ञानाविषयी बिशपांकडे तक्रारपत्र पाठवायचे ठरवले. ते पत्र हाती पडताच त्यांनी त्यावर स्वतःचीही सही केली!

आपण या पदास अपात्र आहोत, ही टोचणी त्यांना आयुष्यभर होती. १८४३ आणि १८५३ साली त्यांनी आर्स सोडून जाण्याचा प्रयत्नही केला. परंतु लोकांना त्यांची योग्यता कळली होती. दूरदूरचे हजारो यात्रेकरू येत आणि ते दिवसाचे बारा ते सोळा तास पापनिवेदन ऐकत. ज्यांना पुस्तकाचे पान अवघड वाटे, त्यांना माणसाचे मन सहज वाचता येई. ४ ऑगस्ट १८५९ रोजी त्यांचे निधन झाले. पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली त्यांना संतपद बहाल केले.

डिस्लेक्सिया हा शब्द त्यांच्या हयातीत अस्तित्वातच नव्हता. त्यांना तोच त्रास होता का, हे आज कोणी ठरवू शकत नाही आणि तसे शिक्के मारण्याची गरजही नाही. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला अक्षरे व शब्द ओळखणे जड जाते, पण त्याची बुद्धी कमी नसते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तरीही घरी आणि वर्गात अशा मुलाला 'ढ' म्हणून मोकळे होणारे आपण कमी नाही.

फादर बाले यांनी शिष्य बदलला नाही, शिकवण्याची रीत बदलली. त्यांनी तसे केले नसते, तर आर्सला आणि ख्रिस्तसभेला हा संत लाभला नसता. आपल्या धर्मग्रामातील मागच्या बाकावर बसलेले एखादे मूल अशाच एका फादर बाले यांची वाट पाहत असेल. त्याच्यासाठी तो धीर आपणा सर्वांना लाभो.