न्यूयॉर्कच्या लायब्ररीतून बदलापूरच्या शिवजयंतीपर्यंत : अभ्यास गावात आणणारे बाबासाहेब

बदलापूरच्या इतिहासातली एक तारीख जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. ३ मे १९२७. त्या दिवशी बदलापूरला शिवजयंतीचा उत्सव होता आणि अध्यक्ष म्हणून आले होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन त्यांना जेमतेम सहा आठवडे झाले होते. सगळ्या मुंबई इलाख्यात त्याच घटनेची चर्चा होती. काही गावांत अस्पृश्यांवर बहिष्कार पडले होते, मारहाण झाली होती. अशा वेळी बदलापूरसारख्या गावाने त्यांना शिवजयंतीचं अध्यक्षपद दिलं, ही साधी गोष्ट नव्हती.

आणखी एक गंमत म्हणजे अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली तीही याच वर्षी, १९२७ मध्ये. एकाच वर्षात महाडचा सत्याग्रह, बदलापूरची शिवजयंती आणि जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठाची पदवी. वरवर पाहिलं तर या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. बाबासाहेबांच्या आयुष्यात मात्र त्या एकमेकींना बांधलेल्या होत्या. वर्गात केलेला अभ्यास आणि गावातला लढा त्यांनी कधी वेगळा ठेवला नाही.

चाळीतला विद्यार्थी

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला महू इथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करात होते. पुढे कुटुंब साताऱ्याला आणि मग मुंबईत परळच्या चाळीत आलं. एकाच खोलीत माणसं, सामान, स्वयंपाक सगळं. त्यामुळे मुलाने लवकर झोपायचं आणि मध्यरात्रीनंतर सगळं शांत झालं की दिव्यापुढे अभ्यासाला बसायचं, असा नेम होता.

साताऱ्याच्या दिवसांतला एक प्रसंग मात्र त्यांच्या मनातून कधी गेला नाही. १९०१ चा उन्हाळा. भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघालेली ही मुलं मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर एकही बैलगाडीवाला त्यांना घ्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही एका अटीवर. गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. वाटेत कुणी प्यायला पाणी दिलं नाही. रात्र तहानेतच गेली.

१९०७ ला ते मॅट्रिक झाले आणि १९१२ ला एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची स्कॉलरशिप मिळाली आणि जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोचले.

जातीचा अभ्यास, पंचविसाव्या वर्षी

कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास असे विषय घेतले आणि लायब्ररीत तासन् तास घालवले. १९१५ ला एम.ए. झाले. ९ मे १९१६ ला प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या वर्गात त्यांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. तेव्हा त्यांचं वय फक्त २५ होतं.

त्या निबंधाचं म्हणणं थोडक्यात असं होतं. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या नियमावर. पण कोणत्याही समाजात नवरा आधी जातो, नाहीतर बायको आधी जाते. मागे राहिलेल्या माणसाने जातीबाहेर लग्न केलं तर कुंपण मोडतं. ते मोडू नये म्हणून सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा आल्या. म्हणजे बाईवरची बंधनं आणि जातीची बंधनं एकाच मुळातून वाढलेली आहेत. आज हे बरंच ऐकलेलं वाटेल. पण १९१६ मध्ये एका विद्यार्थ्याने, तेही जातीची झळ स्वतः सोसलेल्या विद्यार्थ्याने, इतक्या थंड डोक्याने हे मांडणं नवीन होतं. मसूरच्या रस्त्यावरच्या तहानलेल्या मुलाने आपल्या दुःखाचं कारण शोधायला घेतलं होतं.

समुद्रात बुडालेली पुस्तकं

न्यूयॉर्कहून ते लंडनला गेले. तिथला अभ्यास सुरू होतो न होतो तोच स्कॉलरशिपची मुदत संपली. १९१७ मध्ये परतावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. ते स्वतः एका बोटीने आले आणि पुस्तकांचं सामान दुसऱ्या बोटीने पाठवलं. ती बोट शत्रूने बुडवली. एकेक पैसा वाचवून घेतलेली पुस्तकं समुद्राच्या तळाला गेली.

पुढे बडोद्याच्या नोकरीत जे झालं ते सर्वांना माहीत आहे. परदेशात शिकलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई लांबूनच फायली टाकत. राहायला जागा मिळेना. जात लपवून एका पारशी मुक्कामाच्या ठिकाणी राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. शेवटी मुंबईला परत यावं लागलं.

एखादा दुसरा असता तर शिक्षणावरचा विश्वास उडाला असता. बाबासाहेबांनी पुन्हा कागद पुढे ओढला. १९१८ मध्ये शेतीच्या लहान तुकड्यांवर त्यांचा शोधनिबंध छापून आला. शेतकरी गरीब आहे कारण जमिनीचे तुकडे झालेत, म्हणून तुकडे जोडा, असं तेव्हा सगळे म्हणत होते. बाबासाहेबांनी हिशोब वेगळा मांडला. तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरावर ठरत नाही. त्यावर लावायला बैल, अवजार आणि भांडवल किती आहे यावर ठरतं. खरा रोग असा की, फार माणसं एकट्या जमिनीवर अवलंबून आहेत आणि त्यातल्या कित्येकांना पुरेसं काम नाही. त्यावर औषध म्हणजे उद्योग वाढवणं. जास्तीचे हात कारखान्यात गेले की शेतीवरचा भार आपोआप हलका होईल.

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. सातबाऱ्यावर चार गुंठे आणि पोटासाठी कारखान्याची पाळी, हा इथल्या अनेक घरांचा रोजचा हिशोब आहे.

पाव पोटात, पुस्तक हातात

मुंबईत सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पण नुसतं शिकवत बसले नाहीत. १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांना मताचा हक्क आणि स्वतःचे प्रतिनिधी हवेत अशी मागणी केली. ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक हे पाक्षिक सुरू केलं. त्याला कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली.

आणि मग, अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते १९२० मध्येच परत लंडनला गेले. पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडचं कर्ज, एवढ्यावर. तिथे लायब्ररी उघडताना आत जायचं आणि बंद होताना बाहेर यायचं. खाण्याची आबाळ होती. इकडे मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. या पदव्यांची किंमत कुणी मोजली हे विचारलं तर रमाईंचं नाव आधी घ्यावं लागतं.

रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि लंडनची डी.एस्सी. मिळाली. त्याआधीच ते बॅरिस्टर झाले होते. एवढ्या पदव्या घेऊन मोठा पगार आणि बंगला सहज मिळाला असता. त्यांनी २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. १९२५ मध्ये सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. सभेच्या कामात शिक्षणाला पहिली जागा होती. १९२८ मध्ये सायमन कमिशन आलं तेव्हा मुंबई इलाख्यात अस्पृश्य मुलांच्या शिक्षणाची काय स्थिती आहे, हे सभेने आकड्यांसह लिहून दिलं. नुसती तक्रार नाही, तर पुराव्यासह तक्रार.

तळं कुणाचं? कागद काय म्हणतो?

महाडचा लढाही असाच कागदावरून सुरू झाला होता. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव मंजूर करून घेतला की, सरकारी पैशातल्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. पण कागदावर खुलं असलेल्या तळ्यावर जायची कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढे पालिकेने आपला ठराव मागे घेतला, विरोधक कोर्टात गेले. डिसेंबरच्या परिषदेआधी कोर्टाने मनाई हुकूम दिला. त्या परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. कोर्टाचा मान राखून लोक तळ्याला नुसती प्रदक्षिणा घालून परतले.

त्यानंतर सुरू झाली दहा वर्षांची कोर्टकचेरी. विरोधकांचं म्हणणं होतं की हे तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांनी इथे यायचं नाही ही फार पूर्वीपासूनची रूढी आहे. इथे घोषणा कामाची नव्हती. तळ्याची मालकी कुणाची, त्याची देखभाल कोण करतं, रूढीला पुरावा काय, याचा किस पडला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. तशी रूढी सिद्ध झाली नाही, तळं पालिकेचंच. तळ्यावर हजारो माणसांनी दाखवलेलं धाडस आणि कोर्टात मांडलेला पुरावा, दोन्ही मिळून हा विजय झाला.

चाळीसगावचा टांगा

१९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. समितीची माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत होती. १९२९ मध्ये ते खानदेशात गेले. धुळ्याच्या बाजूला एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करून परत येताना ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. वस्तीवरच्या लोकांनी आग्रह केला की रात्र इथेच काढा. वस्ती दोनेक मैलांवर होती. पण टांगेवाले काही त्यांना न्यायला तयार होईनात. तासाभराने टांगा आला. गाडीवान म्हणून बसला होता वस्तीतलाच एक माणूस, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर टांगा उलटला. बाबासाहेब खाली दगडी फरशीवर आपटले, पायाचं हाड मोडलं.

मसूरची बैलगाडी १९०१ ची. चाळीसगावचा टांगा १९२९ चा. मधल्या २८ वर्षांत त्या मुलाने जगातल्या दोन मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतल्या होत्या. गाडीवाल्याच्या नजरेत मात्र काही बदललं नव्हतं. एकट्याच्या शिक्षणाने समाज बदलत नाही, त्यासाठी कायदा लागतो, संघटना लागते, हे त्या मोरीवर पुन्हा एकदा दिसलं.

खोतीविरुद्ध कोकणचा शेतकरी

ठाणे, कुलाबा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत तेव्हा खोती होती. रत्नागिरीत जास्त, ठाण्या-कुलाब्यात काही भागांत. सरकार आणि कुळ यांच्यामध्ये खोत बसलेला. सारा तो गोळा करणार, वर वेठबिगार आणि नाना तऱ्हेच्या वसुल्या. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ मध्ये निवडून आले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. शेतीवरचा तो अभ्यास इथे कामाला आला. खोताला भरपाई काय द्यायची, कसणाऱ्याचा हक्क कसा लावायचा, हे सगळं बिलात लिहिलेलं होतं.

१० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर धडकले. त्यात कुणबी होते, महार होते, आगरी होते. जातीपातीने वेगळे बसणारे लोक कुळ म्हणून एकत्र आले होते. बिल तेव्हा मंजूर झालं नाही. पण मागणी मेली नाही. १९४९ मध्ये मुंबई खोती निर्मूलन कायदा झाला. योगायोग असा की त्याच वर्षी, १९४९ च्या ऑगस्टमध्ये, कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत राहणाऱ्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आणि त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला देशाची घटना स्वीकारली गेली. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते.

शिकलेल्यांकडून अपेक्षा

१९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, नंतर औरंगाबादला मिलिंद. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत. पण शेवटच्या वर्षांत एक खंत त्यांना जाळत होती. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याच्या सभेत ती बाहेर पडली. शिकून पुढे गेलेली माणसं आपल्या मागे राहिलेल्या माणसांना विसरली, याचं दुःख त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवलं. खेड्यातल्या भूमिहीन मजुरासाठी आपण पुरेसं करू शकलो नाही, असंही त्यांना वाटत होतं. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला त्यांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबरला दिल्लीत ते गेले.

आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि आजूबाजूच्या खेड्यांतून रोज हजारो मुलं-मुली लोकलने कॉलेजला जातात. प्रकल्प लिहितात, पाहणीचे फॉर्म भरतात, गुण मिळाले की वही माळ्यावर जाते. पण आपल्याच पाड्यावर नळाला पाणी किती वेळ येतं, रेशन कुणाचं बंद झालं, कोणत्या घरातली मुलगी शाळेतून निघाली, याचीही नोंद त्याच वहीत होऊ शकते. ती ग्रामसभेत वाचता येते, तहसील कचेरीत देता येते. बाबासाहेबांनी आयुष्यभर केलं ते हेच. प्रश्न आपल्या दारातला घेतला, उत्तर जगभरच्या पुस्तकांतून शोधलं आणि ते परत दारात आणून ठेवलं.