वीणेची पाळी आणि खराट्याची पाळी

सप्ताह बसला की वीणेच्या पहाऱ्यासाठी गावात केवढी चढाओढ! नावे लिहिली जातात, आणि ज्याची पाळी त्याच्या गळ्यात वीणा. थोर-लहान कुणी नाही. पण पंगत उठल्यावर उष्टी कोणी काढायची, मोरी कोणी धुवायची? तिथे पाळी नसते. ठरलेली चार गरीब माणसेच पुढे होतात. हे पाहिले की आम्हांस श्रीगाडगेमहाराजांची आठवण होते.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात शेणगावी परिटाच्या घरी झाला. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील लवकर गेले. आजोळी दापुऱ्यास त्यांनी गुरे राखली, शेतात घाम गाळला. १९०५ साली घरदार सोडले. अंगावर चिंध्या, जवळ मातीचे गाडगे, हातात खराटा. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, गटार उपसायचे, कीर्तन रात्री. फुकटची भाकरी नको, आधी काम सांगा, हा त्यांचा बाणा. त्यांना झाडताना पाहून गावकरीही लाजून हातात खराटा घेत. जन्मात कधी केर न काढलेले हातही त्यात असत. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी घाट झाला, तोही असाच अनेकांच्या श्रमांतून.

पंढरीस वारीला लोक दर्शनाच्या रांगेत लागत, बाबा वाटा झाडीत. त्याच वाळवंटातला मैला पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीच्या माणसांनी वाहिला, आणि आपण तिथेच टाळ वाजविले. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध २०१३ साली नवा, कडक कायदा झाला. पण मनातली विटाळाची सवय कायद्याने कशी जाणार? मिरा-भाईंदर शहरात सामावलेल्या खारीसारख्या गावी आता घंटागाडी फिरते. केर गाडी नेते; हलकेपणा मात्र केर उचलणाऱ्याच्याच माथी राहतो.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर बाबांनी देह ठेवला. त्यांच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. पण वाचकहो, गोड काम सर्वांचे आणि घाण काम काहींचेच, हा कुठला समभाव? येत्या सप्ताहात पहाऱ्याच्या यादीशेजारी दुसरी यादी लावू या, उष्ट्यांची आणि मोरीची. तीत पहिली नावे कीर्तनकारांची, विणेकऱ्यांची आणि पंचांची असोत. वीणा जशी हातोहात फिरते, तसा खराटाही फिरला पाहिजे.