सुभेदारांची शाळा

माझे वडील फौजेत. मॅट्रिक होईपर्यंत मी पाच शाळा बदलल्या. दर वेळी पुस्तके नवी, मास्तर नवे, बाकावर जागा शेवटची. म्हणूनच की काय, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र वाचताना माझे लक्ष त्यांच्या वडिलांकडे गेले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत १४ वर्षे मुख्याध्यापक होते. गावच्या शाळेचे दार ज्यांना बंद, त्या शिपायांच्या मुलामुलींना छावणीत मात्र शिक्षण सक्तीचे होते. रामजींना पेन्शन मिळाली आणि बिऱ्हाड दापोलीला, पुढे साताऱ्याला हलले. तेथे आईचे छत्र हरपले. छावणीची शाळा मागे राहिली, पण मास्तर घरातच होते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमरावांचे नाव दाखल झाले. वर्गात घरून नेलेल्या तरटावर वेगळे बसायचे. पाण्याला हात लावायचा नाही. पुढे मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत रामजी मुलाला लवकर झोपवीत, रात्री दोनला अभ्यासाला उठवीत आणि मगच स्वतः आडवे होत. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने मागून गहाण टाकीत. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षी भीमराव कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

माझ्या बदलत्या शाळांचे रडगाणे मी तेव्हापासून थांबवले. मला निदान प्रत्येक वर्गात बाक मिळाला होता.