गुरुजींच्या हातातला झाडू

परवा आमच्या गावातल्या सेवा मंडळाची मासिक सभा झाली. मंडळ जुने आहे. नेत्रतपासणी, रक्तदान, जूनमध्ये वह्यावाटप, पावसाळ्यात वृक्षारोपण असे ठरलेले कार्यक्रम ठरल्या वेळी होतात. विषयपत्रिकेवर चौथा विषय होता, तरुणांचा सहभाग. गेली तीन वर्षे तो चौथाच असतो आणि त्याच्यावर येईपर्यंत चहा आलेला असतो. सभेला आम्ही एकवीस जण होतो. त्यात साठीच्या आतले दोघे. आजकालच्या पोरांना मोबाइलपुढे काही सुचत नाही, यावर नेहमीप्रमाणे एकमत झाले आणि सभा संपली.

घरी येताना माझी नात सोबत होती. ध्वनिक्षेपक लावायला म्हणून मीच तिला नेले होते. तिला सहज विचारले, की तुमच्या वयाची मुले आमच्याकडे का येत नाहीत? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, की येतात की आजोबा, खुर्च्या मांडायला येतात. मागच्या वृक्षारोपणात खड्डे तिच्या मैत्रिणींनी खणले होते आणि फोटोच्या वेळी त्यांना बाजूला सरायला सांगितले होते. तो फोटो माझ्या टेबलावर आहे. त्यात मी आहे, पाहुणे आहेत, रोप आहे. खड्डा खणणारे कोणीच नाही.

त्या रात्री झोप लागेना. मग कपाटातली साने गुरुजींची जुनी चरित्रे आणि पुस्तके काढली. २०२४ च्या डिसेंबरात त्यांच्या जन्माला सव्वाशे वर्षे झाली, तेव्हा मी त्यांच्यावर एक भाषणही केले होते. भाषणात त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल पुष्कळ बोललो होतो. त्यांच्या मागे तरुण पोरे का येत, हा प्रश्न मात्र मी कधी स्वतःला विचारलाच नव्हता. आता तोच प्रश्न हाताशी धरून मी ते आयुष्य पुन्हा वाचायला बसलो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचा. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरत चाललेले. पांडुरंगाच्या शाळकरी वयात घरात कर्ज आणि चणचणच उरली होती. आई यशोदाबाई १९१७ साली गेल्या, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि शेवटच्या क्षणी तिच्याजवळ नव्हता. ही टोचणी त्याला जन्मभर पुरली.

त्या आईने मुलाला सेवा शिकवली ती घरातल्या कामांतून. 'श्यामची आई' मधला एक प्रसंग आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीच्या डोक्यावरची मोळी खाली पडते. ती पुन्हा उचलून द्यायला कोणी पुढे होत नाही. आई श्यामला सांगते, की जा, मोळी तिच्या डोक्यावर दे आणि येऊन आंघोळ कर. लहानपणी वाचताना माझे लक्ष मोळीकडे होते. या खेपेला आंघोळीपाशी थांबलो. त्या माउलीची झेप तिच्या काळात तेवढी होती. तिने एक पाऊल टाकले आणि पुढचे मुलावर सोपवले. मागच्या पिढीने पुढच्या पिढीला काही द्यायचे ते असेच देता येते.

मुलाचे शिक्षण दापोली, औंध आणि पुणे असे हालअपेष्टांत झाले. पुढे तत्त्वज्ञान घेऊन तो एम. ए. झाला, अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ राहिला आणि १९२४ साली तिथल्याच शाळेत शिक्षक झाला. छात्रालयाची जबाबदारीही त्याच्याकडे आली. इथून पुढे आपण त्यांना गुरुजीच म्हणू.

छात्रालय म्हटले की पन्नास घरची मुले, पन्नास तऱ्हा. अंथरुणे तशीच पडलेली, कपडे लोळत असलेले, कंदिलांच्या काचा काळ्या. दुसरा एखादा पर्यवेक्षक छडी घेऊन फिरला असता किंवा नियमांचा फलक लावून मोकळा झाला असता. गुरुजींनी झाडू घेतला. मुले शाळेत किंवा खेळायला गेली की ते खोल्या झाडत, अंथरुणांच्या घड्या घालत, कपडे धुऊन ठेवत. कोणी आजारी पडले तर उशाशी बसून रात्र काढत. मुले आधी चकित झाली, मग ओशाळली आणि मग आपापली खोली झाडू लागली. मुलांसाठी ते रोज हाताने लिहून छात्रालयाचे दैनिक काढत. त्यात जगाच्या बातम्या असत, थोरांची चरित्रे असत आणि छात्रालयातल्या चुकाही कोणाला न दुखवता सांगितलेल्या असत. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिक चालवले.

इथे मला आमचे मंडळ आठवले. आम्ही तरुणांना शिस्तीची, निष्ठेची आणि वेळेवर येण्याची व्याख्याने देतो. आमच्या सभागृहाचा केर मात्र महिन्यातून एकदा एक मजूर बाई काढते.

१९३० साली सविनय कायदेभंगाची हाक आली आणि गुरुजींनी नोकरी सोडली. आधी धुळ्याचा तुरुंग, मग थेट दक्षिणेत त्रिचनापल्लीचा. तिथे निरनिराळ्या प्रांतांचे, निरनिराळ्या भाषा बोलणारे सत्याग्रही भेटले. शेजारच्या प्रांतातल्या माणसाची भाषा आपल्याला येत नाही, याची त्यांना खंत वाटली. आंतरभारतीच्या कल्पनेचे मूळ त्या सहवासात आहे.

१९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी विनोबा तिथे गीतेवर प्रवचन करत. अठरा अध्याय, अठरा रविवार. गुरुजी समोर बसून झरझर लिहून घेत. आज 'गीताप्रवचने' आपल्या हातात आहेत ती त्या लेखणीमुळे. विनोबा गुरुजींपेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठे. स्वतः शिक्षक असलेला, एम. ए. झालेला हा माणूस जवळजवळ बरोबरीच्या वयाच्या माणसापुढे विद्यार्थी होऊन बसला. पोरांनी आपल्यापासून शिकावे असे वाटत असेल तर त्यांना आपणही कोणापासून तरी शिकताना दिसायला हवे. आमच्या सभेत शेवटचे कोण कधी काय शिकले, ते मला काही आठवेना.

पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' चा बहुतेक भाग लिहून काढला. या पुस्तकाची बैठकही पाहण्यासारखी आहे. दिवसभराचे काम आटोपून आश्रमातले सोबती रात्री एकत्र बसतात आणि श्याम त्यांना आईच्या आठवणी सांगतो. आधी काम, मग गोष्ट, आणि गोष्ट सांगणारा ऐकणाऱ्यांतलाच एक.

१९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. अध्यक्ष पंडित नेहरू. गुरुजी आधी गावोगाव प्रचार करत हिंडले आणि प्रत्यक्ष अधिवेशनात स्वयंसेवकांबरोबर सफाईच्या कामाला लागले. मैला उचलण्याचे काम त्या काळी कोणाच्या माथी मारलेले होते हे वेगळे सांगायला नको. ब्राह्मण घरातला, मुलांचा लाडका शिक्षक ते करतो हे पाहणाऱ्या तरुणाला वेगळे प्रवचन लागत नव्हते.

राष्ट्र सेवा दलाचे नाव निघाले की गुरुजी आठवतात. पण दलाची उभारणी ४ जून १९४१ रोजी पुण्यात झाली ती एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये अशा मंडळींच्या पुढाकाराने, आणि दलप्रमुख झाले एस. एम. गुरुजींनी तिथे गादी मांडली नाही. ते गोष्टी सांगणारे, गाणी लिहून देणारे, मुलांच्या पाठीवर हात ठेवणारे वडीलधारे राहिले. संध्याकाळच्या शाखेत सगळ्या जातिधर्मांची मुले आणि मुली एकत्र खेळत, गात, सफाई करत. त्या काळच्या गावात ही साधी गोष्ट नव्हती. कलापथके तर तरुणांनीच चालवलेली. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही मंडळी याच मुशीतून पुढे आली. तरुणांना खरे काम आणि खरा रंगमंच मिळाला की त्यातून काय उभे राहते ते महाराष्ट्राने पाहिले आहे.

याचा कस लागला पंढरपूरला. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना बंद आहे, हे गुरुजींना सहन होईना. प्राण पणाला लावायचे त्यांनी ठरवले. पण आधी लोकांपुढे जावे, असे ठरले. १९४७ च्या सुरुवातीचे काही महिने ते महाराष्ट्र पिंजून काढत होते. बरोबर सेनापती बापट आणि सेवा दलाचे कलापथक. मोजून पाहा, सेनापती साठी ओलांडलेले, गुरुजी सत्तेचाळिशीचे आणि गाणारी पोरे विशीच्या आसपासची. तीन पिढ्या एका गाडीत. एकेक गाव मंदिर उघडत होते, विहिरी खुल्या करत होते. १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले आणि १० मे रोजी मंदिर खुले होण्याची खात्री मिळाल्यावर ते सुटले. मोळी उचलून आलेल्या श्यामने ती आंघोळ अखेर पुसून टाकली.

इथवर वाचून कपाट बंद करता आले असते. भाषणात मी तसेच करत असे. पण पुढची तीन वर्षेही गुरुजींचीच आहेत. गांधीजींच्या हत्येने ते मोडून गेले. एकवीस दिवसांचा उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले, त्यातून पुतणी सुधाला लिहिलेली पत्रे दिली. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीचे स्वप्न मांडले. त्यांच्या भावनाशीलतेची रडके म्हणून टिंगल करणारेही होते. स्वातंत्र्य आले, पण मनातले चित्र आणि भोवतालचे वास्तव जुळेना. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. वय पन्नास.

हा भाग आपण मुलांना सांगत नाही आणि सांगायचा तर त्यावर त्यागाची झालर लावतो. मला ती झालर आता नको वाटते. इतक्या मुलांच्या उशाशी रात्री जागवलेल्या माणसाच्या उशाशी त्या दिवशी कोणी नव्हते, एवढेच मला दिसते. माणूस मोठा असला म्हणून त्याला आधार लागत नाही असे नाही. आपण नेहमी म्हणतो, की तरुणांना वडीलधाऱ्यांची गरज आहे. वडीलधाऱ्यांनाही तरुणांची गरज असते, फक्त मान्य करायला आपल्याला जड जाते. आमच्या मंडळात गेल्या वर्षी दोन सभासद येईनासे झाले. एकाची पत्नी गेली होती, हे आम्हाला चार महिन्यांनी कळले.

गुरुजींच्या मागे त्यांचे काम मात्र थांबले नाही. 'साधना' चालू राहिली. मुलांना गोष्टी सांगण्याचे त्यांचे व्रत प्रकाशभाई मोहाडीकरांनी कथामालेच्या रूपाने गावोगाव नेले. माणगावजवळ वडघरला त्यांचे स्मारक उभे राहिले. 'श्यामची आई' वरच्या आचार्य अत्र्यांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, हे तर सर्वांना ठाऊक आहेच. त्यांची प्रार्थना आजही शाळाशाळांतून म्हटली जाते.

पुढच्या सभेत मी एक सूचना मांडली. तरुणांचा सहभाग हा विषय चौथ्यावरून पहिल्यावर आणावा आणि त्यावर आधी त्यांनीच बोलावे. नातीसह सात जण आले. वृक्षारोपण त्यांना नको होते. आमचे सभागृह संध्याकाळी रिकामे असते, तिथे वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका हवी होती. किल्ली त्यांच्याकडे द्यायची की नाही यावर आमच्यात तासभर वाद झाला. शेवटी दिली. सातातले दोघे पुढे आले नाहीत, पाच टिकले. आम्हा म्हाताऱ्यांपैकी चौघे आळीपाळीने गणित शिकवायला जातो. सभेला न येणारे ते गृहस्थ आता रोज येतात आणि मुलांना गोष्टी सांगतात.

एक काम मात्र मी मागून घेतले आहे. अभ्यासिका सुरू होण्याआधी अर्धा तास जातो आणि सभागृह झाडून ठेवतो. कंबर धरते. पहिले चार दिवस मुले नुसती पाहत होती. परवा गेलो तर कोपऱ्यातला झाडू जागेवर नव्हता. माझ्या आधीच कोणीतरी येऊन केर काढला होता.