टर्बोचा जनक : आल्फ्रेड ब्युखी

हायवेवरच्या ट्रकवर ‘टर्बो’ लिहिलेलं आपण सगळ्यांनीच वाचलंय. पण टर्बो शोधला कोणी, असं व्हायवाला विचारलं तर बरेच जण खाली बघतील. त्या माणसाचं नाव आल्फ्रेड ब्युखी.

ब्युखीचा जन्म 11 जुलै 1879 रोजी स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूर गावी झाला. वडील तिथल्याच सुल्झर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. 1903 मध्ये आल्फ्रेड झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून इंजिनिअर झाला. मग काही वर्षं बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये नोकरी केली.

इंधनातल्या उष्णतेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग एक्झॉस्टमधून वाया जातो, हे त्याला खटकत होतं. त्याने विचार केला, या गरम वायूवर टर्बाइन फिरवू, टर्बाइनने कॉम्प्रेसर चालवू आणि हवा दाबून इनटेक मॅनिफोल्डमध्ये भरू. हवा जास्त गेली की इंधनही जास्त जाळता येतं आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त पॉवर मिळते. नोव्हेंबर 1905 मध्ये त्याने जर्मनीत पेटंट नोंदवलं. तेव्हा तो फक्त 26 वर्षांचा होता!

कागदावर सगळं सोपं होतं. पुढे सुल्झरमध्ये त्याने 1911 पासून प्रयोग केले, 1915 मध्ये प्रोटोटाइपही बनवला. पण तो भरवशाचा निघाला नाही. पेटंटला वीस वर्षं होत आली तरी हातात धड यश नव्हतं. दुसरा कोणी असता तर त्याने नाद सोडला असता.

1925 मध्ये मात्र गाडी रुळावर आली. ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन जहाजांसाठीच्या दहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांची पॉवर टर्बोमुळे 1750 वरून 2500 हॉर्सपॉवरवर गेली. त्याच वर्षी ब्युखीने आणखी एक पेटंट घेतलं, आणि माझ्या मते खरी गंमत त्यातच आहे. त्यात भर होता पाइपांवर! सगळ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट एकाच मोठ्या पाइपात सोडला तर एकाचा धक्का दुसऱ्याला अडवतो. म्हणून त्याने सिलिंडरचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळा, अरुंद पाइप दिला. आता प्रत्येक धक्का सरळ टर्बाइनवर आदळतो. धक्का गेला की त्या पाइपातला दाब इनटेक मॅनिफोल्डपेक्षा कमी होतो. त्या क्षणी दोन्ही व्हॉल्व्ह उघडे ठेवले की ताजी हवा आत घुसून उरलासुरला धूर बाहेर ढकलते, शिवाय व्हॉल्व्हही थंड राहतात.

आजच्या कारमधला ट्विन-स्क्रोल टर्बो याच विचारावर चालतो. 1-3-4-2 फायरिंग ऑर्डर असेल तर 1 आणि 4 चा एक्झॉस्ट एकत्र, 2 आणि 3 चा वेगळा.

27 ऑक्टोबर 1959 रोजी विंटरटूरलाच ब्युखी वारला. जहाजं आणि ट्रकवर टर्बो आलेला त्याने पाहिला. पण ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्व्हेअर या टर्बोवाल्या पहिल्या कार बाजारात आल्या 1962 मध्ये. तीन वर्षांनी हुकलं!

आपलं प्रोजेक्ट एका सेमिस्टरमध्ये चाललं नाही की आपण लगेच टॉपिक बदलायला गाइडकडे पळतो. ब्युखीने वीस वर्षं टॉपिक बदलला नाही. आणि हो, मॅनिफोल्ड म्हणजे नुसते पाइप म्हणून तो चॅप्टर ऑप्शनला टाकू नका!