इब्न बतूताचा रमजान

मोरोक्कोतील टँजियर शहरात काजींच्या घराण्यात १३०४ साली जन्मलेला इब्न बतूता एकविसाव्या वर्षी हजला निघाला. तारीख होती १४ जून १३२५. सोबत ना मित्र, ना काफिला. आईवडील हयात होते, त्यांचा निरोप घेताना जीव जड झाला. पुढे त्याला एक काफिला भेटला. ट्यूनिस आले तेव्हा गावकरी सामोरे आले आणि जो तो आपापल्या माणसाला सलाम करू लागला. या तापाने फणफणलेल्या तरुणाला ओळखणारे कुणीच नव्हते. त्याला रडू कोसळले. एका यात्रेकरूने ते पाहिले, जवळ येऊन सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत बोलत राहून त्याला धीर दिला.

पुढच्या वर्षीच्या रमजानमध्ये तो दमास्कसला पोहोचला. त्या शहरात रोजा कुणी एकट्याने सोडत नसे, असे त्याने नोंदवले आहे. अमीर, काजी आणि व्यापारी मित्रांना व फकिरांना इफ्तारला बोलावत. गरीब लोक एखाद्याच्या घरी किंवा मशिदीत जमत, आपापली भाकरी आणत आणि मिळून खात. तिथे मालिकी पंथाचे एक शिक्षक होते, नूरुद्दीन सखावी. चार रात्री त्यांच्याकडे इफ्तार केल्यावर इब्न बतूता तापाने पडला. सखावींनी त्याला घरी आणले, हकीम बोलावला आणि ईदपर्यंत ठेवून घेतले. हजला निघताना उंट आणि शिधाही दिला. त्या शहरात वाटसरूंच्या जेवणाखाणासाठी, कपड्यांसाठी आणि घरी परतण्याच्या खर्चासाठी वक्फ होते. चाकराच्या हातून धन्याचे भांडे फुटले तर ते भरून देणारा वक्फसुद्धा होता.

हज झाला, तरी पावले थांबली नाहीत. सुरुवात इबादतीची होती. मग इल्मची ओढ, नोकरीची आशा आणि नवे पाहण्याची हौस एकात एक मिसळत गेली. १३३३ साली तो सिंधू नदीवर आला. मुहम्मद तुघलकाने त्याला दिल्लीचा काजी नेमले. पुढे चीनकडे सुलतानाचा वकील म्हणून निघाला तेव्हा वाट महाराष्ट्रातून गेली. दौलताबादचा किल्ला आणि वर्षातून दोनदा येणारी द्राक्षे-डाळिंबे त्याने लिहून ठेवली. नंदुरबारच्या मराठ्यांमध्ये त्याला कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी दिसले. त्यांचे जेवण भात, भाजी आणि तिळाच्या तेलाचे, हेही त्याने टिपले.

या भटकंतीची किंमत मोठी होती. १३४८ मध्ये पुन्हा दमास्कसला आला तेव्हा कळले, मागे ठेवलेला मुलगा बारा वर्षांपूर्वीच वारला आणि वडील जाऊनही पंधरा वर्षे झाली. १३४९ मध्ये मायदेशी परतताना वाटेतच खबर मिळाली, आई प्लेगने गेली. त्याने एकूण सुमारे १ लाख १७ हजार किलोमीटर प्रवास केला असे मानतात. १३५५ मध्ये त्याने सांगितलेला वृत्तांत इब्न जुझय्य या लेखकाने पुरा केला.

इंग्लंडात टॉमस कुकने १८४१ साली सहलीची आपली पहिली आगगाडी काढली. पुढे तिकीट आणि मुक्काम पैशाने एकत्र मिळू लागले. त्याआधीचा मुसाफिर परक्यांच्या भाकरीवर जगत असे. कुरआनाने मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दिली आणि जकातीच्या आठ हक्कदारांत ‘इब्न सबील’ म्हणजे वाटेचा पुत्र ठेवला. घरी तो श्रीमंत असेल, पण वाटेत हात रिकामे पडले तर जकातीवर त्याचा हक्क आहे.

भिवंडीत यंत्रमागावर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कामगार राबतात. त्यांतले अनेक जण कुटुंब गावी ठेवून आलेले आहेत. कुणाचा रोजा कारखान्यात सुटतो, कुणाचा खानावळीत. ते हौसेने निघालेले प्रवासी नाहीत, पण घरी आईवडील त्यांचीही वाट पाहत असतात. दमास्कसच्या गरिबांनी दस्तरखान मांडायला दौलत लागते असे मानले नव्हते. ज्याच्याकडे जे होते ते घेऊन ते एकत्र बसले. आपल्या गल्लीतही मगरिबच्या अजानआधी शेजारच्या खोलीचे दार वाजवता येईल. आत राहणाऱ्याचे गाव कोणते आणि धर्म कोणता, हे नंतर विचारले तरी चालेल.